पहिल्या माणसाचा अर्ज

शिक्केकाकांना एक गरीब माणूस हवा होता आणि आठ दिवस झाले तरी तो मिळत नव्हता.

हवा होता तो विद्यापीठाला. स्वतःसाठी गरीब माणूस कुणी शोधत नाही, आणि तशी वेळ आलीच तर शिक्केकाकांच्या मते घरातला आरसा पुरेसा होता. पण यंदा विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, बिशप येणार होते, आणि स्थापनादिनाच्या परंपरेसाठी माणूस आणायचं काम आवक-जावक विभागाच्या गळ्यात पडलं होतं. आवक-जावक विभाग म्हणजे शिक्केकाका, एक टेबल, दोन शिक्के आणि एकतीस वर्षांची नोकरी.

परंपरा तशी साधी होती. पंचाहत्तर वर्षांपूर्वी तीन सिस्टर भाड्याच्या घरात शिकवू लागल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांनी एक नियम केला. मुख्य इमारतीत शिरल्याशिरल्या तो संगमरवरात कोरलेला दिसतो: ‘आजच्या दिवशी फाटकातून जो पहिला आत येईल, त्याला आधी वाढा. मग त्याचं म्हणणं ऐका. त्याला लेखी उत्तर मिळेपर्यंत या घरातलं कुणीही जेवणार नाही.’ पहिल्या वर्षी आलेल्या बाईला घरमालकाने बाहेर काढलं होतं म्हणे, आणि तिन्ही सिस्टर दुपारपर्यंत उपाशी त्या घरमालकाच्या दारात बसून राहिल्या होत्या. घराचं पुढे विद्यापीठ झालं आणि नियमाचा कार्यक्रम झाला. आता दरवर्षी एक चांगल्या घरचा विद्यार्थी नऊ वाजता फाटकातून येई, ग्रंथालय अर्धा तास जास्त उघडं ठेवण्याचा अर्ज देई, आणि आठवडाभर आधी टाइप झालेलं उत्तर घेऊन जेवायला बसे. हिशेबाने पाहिलं तर ते ग्रंथालय आता चोवीस तासांहून जास्त उघडं असायला हवं होतं.

“या वर्षी मात्र खरा गरजू माणूस हवा,” कुलगुरू फादर म्हणाले होते. “दानधर्म आणि न्याय, दोन्ही दिसले पाहिजेत. फक्त त्याचा अर्ज आधी बघून घ्या.”

ही दोन वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली, आणि शिक्केकाकांनीही ती एका दमात वहीत उतरवून घेतली.

घरी ही बातमी कळताच सल्ल्यांना तोटा राहिला नाही. बायकोने पेपरवाला सुचवला, मग स्वतःच त्याच्या नव्या गाडीची आठवण होऊन मागे घेतला. मेहुणा दर रविवारी येतो तसा आला आणि पाय पसरून म्हणाला, “भाऊजी, माणूस फोटोत कसा दिसतो ते आधी बघा. फार खंगलेला नको, लोकांचं जेवणावरून मन उडतं. आणि तुम्ही स्टेजवर जाणार, तर कोट घाला. माझा आहे.” मेहुण्याचा कोट मेहुण्याच्या मापाचा होता, पण बायकोला तो आवडला आणि विषय तिथेच संपला.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक तर अर्ज घेऊनच वर आले. “मी चालेन का बघा,” ते म्हणाले. “दोन्ही मुलं महिनोन्महिने फोन करत नाहीत. याहून गरजू माणूस तुम्हाला कुठे मिळणार?”

“पण सर, यावर विद्यापीठ उत्तर काय देणार?”

“उत्तर नसलं तरी चालेल हो. ऐकून तर घेतील.”

शिक्केकाकांनी तो अर्ज घडी घालून परत दिला आणि त्यांना चहा पाजला. नियमाच्या तीन ओळींपैकी दीड ओळ आपण आत्ताच पाळली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटी माणूस सापडला तो फाटकाबाहेरच. तिथे भिंतीला टेकून वीस वर्षं एक मोची बसत असे. शिक्केकाकांनी आदल्या रात्री चांगल्या बुटाचा तळ सुरीने सोडवला आणि सकाळी तो बूट घेऊन त्याच्यासमोर बसले. एखाद्या माणसाला तो गरीब आहे का, हे कसं विचारायचं, याचा कुठलाही विहित नमुना त्यांच्या विभागात नव्हता.

“गरजू माणूस पाहिजे म्हणता,” मोची सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला. “गरज तर तुमची दिसतेय. बूटसुद्धा स्वतः कापून आणलाय.”

शिक्केकाकांचा चेहरा पडला. एकतीस वर्षं सगळ्या कागदांची लबाडी ते पहिल्या नजरेत ओळखत आले होते, आणि त्यांची स्वतःची लबाडी एका मोच्याने बुटावरून ओळखली.

“येईन मी,” मोच्याने टाका घालता घालता सांगितलं. “पण नियम काय आहे तो मला लिहून आणून द्या. उगाच कुणाच्या जागेवर बसायचं नाही मला.”

शिक्केकाकांनी नियम लिहून दिला. अर्ज नळाचा ठरला, कारण फाटकाबाहेर पिण्याच्या पाण्याचा नळ आधीच बसवून त्यावर कापड टाकून ठेवलं होतं. आता प्रश्न राहिला अर्जाच्या मजकुराचा. तो खऱ्या गरजूने लिहिल्यासारखा वाटायला हवा होता, आणि शिक्केकाका लिहायला बसले की पहिलंच वाक्य ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं उतरे. मोच्याच्या तोंडी ते शोभलं नसतं. म्हणून नमुना शोधायला त्यांनी टेबलाखालचा ‘प्रलंबित’ लिहिलेला गठ्ठा सोडला, आणि तिसराच कागद मावशींचा निघाला.

मावशी म्हणजे झाडणाऱ्या बाई. मुख्य इमारत झाडणाऱ्या पाच जणींमधल्या सगळ्यात जुन्या. रोज सकाळी शिक्केकाकांचं टेबल पुसताना त्या एकच प्रश्न विचारत, “काका, आमच्या कागदाचं काय झालं?” आणि शिक्केकाका रोज सांगत, “प्रक्रियेत आहे मावशी.” यात खोटं काही नव्हतं. कागद मालमत्ता विभागाकडे गेला होता, तिथून अभियंत्याकडे, तिथून ‘अभिप्रायार्थ’ परत, आणि गेलं सव्वा वर्ष तो जिथे होता तीही प्रक्रियाच होती, फक्त टेबलाखाली होती.

त्यांनी तो वाचला. गोल, सावकाश अक्षर होतं.

‘आम्ही पाच जणी रोज सगळ्यांच्या आधी येतो. दुपारी डबा खायला जिन्याखाली बसतो. तिथे मान वाकवून बसावं लागतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय तोंडासमोर येतात. आम्हाला मोठी खोली नको. दार लावता येईल एवढी जागा द्यावी.’

मजकूर उत्तम होता. शिक्केकाकांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं: ‘मी रोज सगळ्यांच्या आधी येतो. दुपारी पाणी प्यायला चौकापर्यंत जातो. तिथे मान वाकवून उभं राहावं लागतं. मला मोठी टाकी नको. ओंजळ धरता येईल एवढा नळ द्यावा.’ लिहून झाल्यावर त्यांना आपण फार सुंदर लिहिलं असं वाटलं, आणि लगेच कसंतरीही वाटलं. त्या कसंतरी वाटण्याला त्यांनी नेहमीसारखं आवक क्रमांक न देता बाजूला ठेवलं. ज्यावर शिक्का नाही ते आलेलंच नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं.

खरं सांगायचं तर कसंतरी वाटायला आणखी एक कारण होतं. पाच जणींमधली सगळ्यात धाकटी नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून आली होती. घरी बाळासाठी दूध काढून न्यायला तिलाही तोच जिना होता, आणि तेवढा वेळ मावशी चादरीची दोन टोकं धरून उभ्या राहत. बिशप येणार म्हणून इमारतीची पाहणी झाली तेव्हा ती चादर कुणाच्या तरी डोळ्यांवर आली, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याजवळ सूचना लागली: ‘मुख्य जिन्यात चादरी लावू नयेत.’ खाली शिक्का होता. शिक्का कुणाचा असणार?

स्थापनादिन उजाडला. मंडप भरला होता. मेहुण्याचा कोट घालून शिक्केकाका स्टेजच्या कडेला उभे होते. कोट काखेत इतका दाटला होता की टाळ्या वाजवताना त्यांचे तळहात एकमेकांपर्यंत पोचत नव्हते. पहारेकऱ्याने, त्याला बजावलं होतं तसं, नऊ वाजेपर्यंत सगळ्यांना फाटकाबाहेर थोपवून धरलं होतं, नऊला मोच्याने आत पाऊल टाकलं होतं, फोटो निघाला होता. पहिल्या रांगेत बिशप, त्यांच्या शेजारी कुलगुरू फादर, कुलसचिव, अभियंता, मालमत्ता अधिकारी आणि वारसा समितीचे अध्यक्ष. टोकाला चाकांच्या खुर्चीत जुन्या कागदपत्रांचं दालन सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर. नव्वदी ओलांडलेल्या या सिस्टरनी त्या पहिल्या तिघींपैकी शेवटचीला पाहिलं होतं. मागे टेबलांवर सूप आणि पाव तयार होता, आणि पाण्याचे पेले मांडत मावशी उभ्या होत्या.

भाषणं संपायला साडेअकरा वाजले. मग मोच्याने स्टेजवर जाऊन चष्मा लावला आणि अर्ज वाचायला घेतला. “मी रोज सगळ्यांच्या आधी येतो,” त्याने वाचलं आणि तो थांबला.

मागे पेल्याचा आवाज झाला. शिक्केकाकांनी पाहिलं. मावशींचा हात पेल्यावरच राहिला होता आणि त्या स्टेजकडे बघत होत्या. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस कसा बघेल, तशा बघत होत्या.

“हे काही खरं नाही,” मोची माइकवर शांतपणे म्हणाला. त्याने खिशातून दुसरा कागद काढला, शिक्केकाकांनी लिहून दिलेल्या नियमाचा. “इथं लिहिलंय, फाटकातून जो पहिला आत येईल तो. मी नऊला आलो. माझ्या आधी झाडणाऱ्या बाई आल्या, साडेपाचला. रोजच येतात. मी तेव्हा दुकान मांडत असतो, म्हणून मला ठाऊक. नळ द्या, पाहिजेच आहे, पण पहिला मी नाही.” आणि तो खाली येऊन आपल्या जागेवर बसला.

कुलगुरू फादरांनी हळूच मान वळवली. “काका, नोंदवही काय म्हणते?”

पहारेकऱ्याची नोंदवही सात वाजता उघडते. साडेपाचला येणाऱ्यांना सही करावी लागत नाही, कारण ती येणारी माणसं नसतात, ती इथलीच असतात. नोंदवहीत आजचं पहिलं नाव मोच्याचं होतं. शिक्केकाकांनी एवढंच सांगायचं होतं, की नोंदीप्रमाणे प्रथम आगमन यांचंच. ते वाक्य नियमात बसत होतं, त्यांच्या जिभेवर आलंही होतं, आणि त्यांच्या शब्दाबाहेर मंडपात कुणी गेलं नसतं. त्यांनी मागे पाहिलं. मावशींनी मान खाली घालून पेले मांडायला घेतले होते. काका काय सांगतील याची त्यांना खात्रीच होती, आणि या खात्रीचीच शिक्केकाकांना फार लाज वाटली. एकतीस वर्षांत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

“नोंदवही उशिरा उघडते फादर,” ते म्हणाले. “मोची खरं बोलतोय. आणि त्यांचा अर्ज आलेला आहे. पावणेतीन वर्षांपूर्वीच. माझ्याकडे आहे.”

आवाज माइकशिवायही शेवटच्या रांगेत गेला.

“मग आणा की,” म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या. “आणि सूप झाकून ठेवा. उत्तर मिळेपर्यंत कुणी जेवायचं नाही.”

“सिस्टर, बिशपना मधुमेह—” कुलसचिवांनी सुरुवात केली.

“मला मधुमेह नाही,” बिशप म्हणाले. त्यांना गंमत वाटू लागली होती. पुढच्या दोन तासांत ती पुष्कळ कमी झाली.

शिक्केकाका धावले. कोटाची डावी काख कचेरीच्या पायऱ्यांवर गेली, उजवी टेबलाखाली वाकताना. कागद घेऊन ते परत आले आणि त्यांनी तो बिशपांसमोर मोठ्याने वाचला, शेवटच्या दाराच्या वाक्यापर्यंत, आणि मग थांबून म्हणाले, “मोच्याचा अर्ज मी यातूनच उतरवला होता.” हे सांगायला कुणी सांगितलं नव्हतं.

मग जे झालं ते विद्यापीठाच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. फाइल चालू लागली. मालमत्ता अधिकारी म्हणाले, मोकळी खोली एकही नाही. म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या, जिन्याशेजारी स्मृतिकक्ष आहे, मूळ घराचं स्वयंपाकघर, वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस बंद असतं. वारसा समितीचे अध्यक्ष म्हणाले, तिथे संस्थापिकांचं जेवणाचं टेबल आहे, त्याभोवती दोर आहे, त्यावर कुणी जेवू शकत नाही.

“मग त्यावर काय करायचं असतं?” सिस्टरनी विचारलं.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. एक वाजून गेला होता आणि झाकलेल्या पातेल्यांतून वास सुटला होता. त्यांनी समितीची सभा उभ्याउभ्या, शामियान्याच्या खांबाशी घेतली. अभियंत्याने दाराला आतून कडी बसवता येईल की नाही, याचा अभिप्राय पूर्वी चौदा महिने दिला नव्हता, तो त्याने चार मिनिटांत दिला. कुलसचिवांनी एक शंका काढली, सगळ्या पहिल्या रांगेने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ती परत घेतली. न्यायबुद्धी किती जणांना झाली आणि भूक किती जणांना लागली, हे शिक्केकाकांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण त्या तीन सिस्टरनी नियमात जेवणाचा उल्लेख उगाच केला नसावा, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. माणसं ओळखून होत्या त्या.

या टेबलाकडून त्या टेबलाकडे धावताना शिक्केकाकांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या लोंबू लागल्या. मोच्याने त्यांना बाजूला बसवलं आणि जाड सुई काढली.

“कोट माझा नाही,” शिक्केकाका म्हणाले.

“मघाशी बोललात ते तुमचं होतं ना? मग हात वर करा,” मोची म्हणाला आणि बुटाच्या दोऱ्याने टाके घालू लागला.

एक वाजून चाळीस मिनिटांनी कुलगुरू फादरांनी सही केली. शिक्केकाकांनी शिक्का मारला. तो सरळ उमटला. कागद त्यांनीच नेऊन मावशींच्या हातात दिला.

मावशींनी तो सावकाश वाचला. हात कपड्याला पुसून पुन्हा वाचला. “म्हणजे दार लागेल?” त्यांनी विचारलं.

“आतून कडी आहे,” शिक्केकाका म्हणाले. पुढे त्यांना बरंच बोलायचं होतं, प्रक्रियेबद्दल आणि त्या चादरीच्या सूचनेबद्दल. “मावशी, चुकलं माझं,” एवढंच बोलता आलं.

“बराच उशीर केलात काका,” मावशी म्हणाल्या. राग होता त्यात, आणि तो लपवायची गरज त्यांना वाटली नाही. मग त्या म्हणाल्या, “आधी वाढायचं असतं ना? आम्ही पाच जणी आहोत.”

स्मृतिकक्षाची किल्ली शिक्केकाकांच्या जुडग्यात होती. त्यांनी दार उघडलं, दोर सोडवला, पाच खुर्च्या लावल्या, आणि किल्ली जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली. कुलगुरू फादरांनी सूप वाढलं. वाढताना थोडं संस्थापिकांच्या टेबलावर सांडलं, तेव्हा वारसा समितीचे अध्यक्ष दारातूनच कळवळले. मावशींनी सवयीने फडकं उचललं, मग ते परत ठेवून दिलं आणि खायला सुरुवात केली. बिशपना दोन वाजता पाव मिळाला आणि तो त्यांनी तीन घासांत संपवला.

मेहुण्याने कोट पाहिल्यावर जे म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी शिक्केकाका कचेरीतून उठले. स्मृतिकक्षाच्या दारावर ‘प्रवेश बंद’ची जुनी पाटी राहून गेली होती, ती काढायची होती. जिन्याजवळची चादरीची सूचना त्यांनी जाताजाता स्वतःच्या हाताने उतरवली आणि घडी करून खिशात घातली. दार बंद होतं. आतून पाच जणींचं बोलणं, हसणं ऐकू येत होतं, आणि मध्येच सगळं हळू झालं. त्यांनी दारावर टकटक केली. या दारावर टकटक करायची त्यांना पहिल्यांदाच वेळ आली होती.

“कोण आहे?”

“मी. आवक-जावक.”

“थांबा जरा काका,” आतून मावशींचा आवाज आला. “आत्ता नाही उघडता येणार.”

“थांबतो,” शिक्केकाका म्हणाले. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय तोंडासमोरून जात होते. ते बराच वेळ बसून राहिले, आणि किती वेळ लागेल ते त्यांनी विचारलं नाही.